तास चालू असताना दार वाजवू नका : मुंबईतील प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील प्राथमिक शाळांचे सर्व मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि संस्थाचालक

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी पालकसभा होते आणि दर सभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बाई, याचं वर्गात लक्षच नसतं." मग मोबाइलला शिव्या घालून होतात, कार्टूनला होतात, चहा होतो, सभा संपते. मी मुंबईतल्या एका मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मोबाइलनं मुलांची झोप आणि संध्याकाळ खाल्ली आहे हे मीही रोज बघते. पण सात वर्षांच्या मुलाच्या दप्तरात मोबाइल नसतो. शाळेच्या वेळात त्याचं लक्ष मोडणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी आपण मोठी माणसंच दारातून आत आणतो. त्याबद्दल सभेत कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. वरच्या कार्यालयाला न लिहिता आपल्याला लिहिते आहे, कारण यातलं पुष्कळसं बदलायला जीआर लागत नाही, मुख्याध्यापकांची सही पुरते.

दुसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालू आहे असं समजा. ५२ मधून २७ घालवायचे आहेत. बाकावर आइस्क्रीमच्या काड्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे रबरबँड लावून आणि दोन सुट्ट्या. सात द्यायच्या आहेत, सुट्ट्या तर दोनच. एक मुलगी काड्यांकडे बघते, फळ्याकडे बघते, परत काड्यांकडे बघते. ओठ हलतायत. मग गठ्ठ्याला हात लावून विचारते, "बाई, हा सोडू?" शिकवणाऱ्याला विचारा, या प्रश्नाची वाट बघत आम्ही तीन-तीन दिवस काढतो. आणि नेमकी टकटक होते. शिपाईमामा सूचनावही घेऊन उभे. शनिवारी शिक्षकसभा आहे, सही करा. पाहुणे आले म्हणून सगळा वर्ग उभा राहून सुरात "न-म-स्ते" म्हणतो, बाकं करकरतात, कुणाची पाण्याची बाटली गडगडत फळ्यापर्यंत येते. सही करून मी वळते तोवर त्या मुलीनं काड्यांची झोपडी बांधायला घेतलेली असते. आता परत ५२ पासून.

सही करायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही हे खरं. लोकलही सिग्नलला अर्धाच मिनिट थांबते, पण थांबलेली गाडी पुन्हा वेग घेईपर्यंत पुढचं स्टेशन येतं. वर्गाचंही तसंच. मोठ्या माणसाला तुटलेला धागा कुठे होता ते आठवतं. सात वर्षांच्या मुलाला तो परत हातात द्यावा लागतो, आणि चाळीस मुलं असतील तर चाळीस जणांना.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स नावाचं शहर आहे. तिथल्या सरकारी शाळांमध्ये ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच मोजलं. त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. इंटरकॉमवरच्या घोषणा, कुणाचं तरी डोकावणं, वर्गातला फोन, उशिरा येणारी मुलं, असे सगळे व्यत्यय धरून एका वर्गात वर्षाला २००० हून जास्त वेळा शिकवणं मोडतं, आणि त्यात १० ते २० दिवसांचं अध्यापन बुडतं, असा त्यांचा हिशेब आहे. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. हे व्यत्यय किती वेळा येतात आणि त्यानं नुकसान किती होतं, याचा शाळाप्रमुखांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी होता. यात शाळाप्रमुखांचा दोष काढायचा नाही. कार्यालयात बसलेल्या माणसाला एकच सूचना दिसते. वर्गात उभ्या असलेल्या बाईला दिवसभरातल्या सगळ्या दिसतात.

आपल्याकडे असं कुणी मोजलं तर काय निघेल? सूचनावही आहेच. त्यानंतर डबा विसरलेल्या मुलाची आई. मग वाढदिवसाची चॉकलेटं वाटत फिरणारी पाचवीतली मुलगी आणि तिला सोबत म्हणून दोन मैत्रिणी (एकटीनं जायचं नाही असा कुठला नियम आहे देव जाणे). "बाई, खडू मागितलाय." "बाई, तुमचा स्टेपलर." ज्यांनी आधार कार्डाची झेरॉक्स दिली नाही त्यांची नावं. ज्यांचा अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळखक्रमांक, व्हायचा आहे त्यांची नावं. स्पीकरवरून "सर्व वर्गशिक्षकांनी लक्ष द्यावे". आणि या सगळ्यांच्या वर, शिक्षकांच्या ग्रुपवर टिंग करून पडलेला निरोप : आजच्या उपक्रमाचे फोटो अकराच्या आत टाका, लिंक भरा, वरून मागणी आहे.

फोटोंचा तर मला खास राग आहे, आणि तो मी लपवत नाही. २०१७ च्या जानेवारीपासून शिक्षकांनी मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून 'सरल' या शासनाच्या ऑनलाइन प्रणालीवर चढवावेत असा आदेश राज्यात निघाला होता. शिक्षक संघटनांनी ओरड केली आणि तो मागे पडला. आदेश गेला, सवय राहिली. वृक्षारोपण असो, हात धुण्याचा दिवस असो की वाचन प्रेरणा दिन, मुलं आता काम करायच्या आधी कॅमेऱ्याकडे बघतात. वाचनाच्या तासाला पुस्तक उघडून चेहऱ्यासमोर धरायचं, फोटो झाला की खाली ठेवायचं. पुस्तक उलटं असलं तरी फोटोत ते कुणाला कळत नाही.

आपलेही हात बांधलेले आहेत, हे मला ठाऊक आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये. पण या तीन अपवादांच्या फटीतून काय काय आत येतं ते आपण दोघंही जाणतो. एखादी बाई बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून मतदारयाद्या घेऊन चाळी आणि टॉवर चढत असते, आणि तिचा वर्ग माझ्या वर्गात आणून बसवलेला असतो. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. त्या दिवशी माझ्यासमोर त्याच्या दुप्पट मुलं असतात. हे आपल्या अखत्यारीतलं नाही, मान्य. पण सूचनावही किती वाजता फिरवायची, हे तर आहे?

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी. परिपाठानंतरच्या पहिल्या दोन तासिका बंद दाराच्या ठेवा. सूचनावही मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत ठेवावी, सह्या तिथेच होतील. उशिरा येणारं मूल मागच्या दारानं गुपचूप आत यावं, त्याची चौकशी नंतर. विसरलेला डबा फाटकावर मावशींकडे. वाढदिवसाची चॉकलेटं सुटताना. स्पीकर फक्त आग लागली किंवा पाणी भरलं तरच. वर्गात कुणी आलंच तर मुलांनी उभं राहून नमस्ते म्हणायची गरज नाही, मग ते शाळा तपासायला आलेले केंद्रप्रमुख असले तरी. ही शेवटची गोष्ट काहींना उद्धटपणाची वाटेल. मला वाटत नाही. काम करणाऱ्या माणसाला आपण मध्येच उठवत नाही. मुलं काम करत असतात.

हे लगेच पटणार नसेल तर एक आठवडा एक साधी गोष्ट करून बघा. दुसरीच्या कुठल्याही वर्गात दाराजवळ एक कागद चिकटवा. बाहेरून व्यत्यय आला की बाईंनी त्यावर एक रेघ ओढायची. शनिवारी तो कागद आपल्या टेबलावर मागवून घ्या.

आता गोंगाटाकडे येते. मुंबईत शाळा कुठे कुठे आहेत ते बघा : रेल्वेरुळांना लागून, उड्डाणपुलाच्या कुशीत, बाजारात, मेट्रोच्या खांबांखाली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत शाळा, रुग्णालयं आणि न्यायालयांभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्राची तरतूद आहे आणि तिथली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटना तर शिकवणं चालू असताना वर्गात ३५ डेसिबलच्या वर आवाज नको म्हणते. आपल्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उभं राहून हे आकडे वाचले तर हसू येतं.

पण न्यूयॉर्कच्या एका शाळेची हकिगत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मॅनहॅटनमधल्या त्या शाळेच्या एका बाजूनं उन्नत मार्गावरून गाड्या जायच्या, साधारण दर साडेचार मिनिटांनी एक. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी रुळांच्या बाजूचे वर्ग आणि मागच्या शांत बाजूचे वर्ग यांतल्या मुलांचं वाचन ताडून पाहिलं. तो अभ्यास १९७५ मध्ये आला. गोंगाटाच्या बाजूची मुलं वाचनात मागे होती, आणि वरच्या वर्गात ही पिछाडी जवळजवळ एका वर्षाची होती. एकच इमारत, मधे फक्त कॉरिडॉर. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारं छत केलं आणि बाईंनी पुन्हा मोजलं. दोन्ही बाजूंमधला फरक नाहीसा झाला होता.

लहान मुलांना गोंगाट मोठ्यांपेक्षा जास्त बाधतो, त्याला कारण आहे. हॉर्नमध्ये एखादा शब्द बुडाला तर आपण पुढच्या-मागच्या शब्दांवरून तो मनातल्या मनात भरून काढतो. सहा वर्षांच्या मुलाकडे तेवढा शब्दांचा साठाच नसतो. त्यातून ज्याच्या घरी भोजपुरी किंवा कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी, किंवा घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी, त्याची पंचाईत आणखी वाढते. शिक्षकाचा आवाज आजूबाजूच्या आवाजापेक्षा साधारण १५ डेसिबलनं वर असला तर मुलांना नीट ऐकू येतं, असं ऐकण्याच्या क्षेत्रातले तज्ज्ञ सांगतात. खाली डंपर उभा असताना पंधरा डेसिबल वर म्हणजे ओरडणंच. दुपारपर्यंत आमचे घसे बसतात. बाई ओरडायला लागली की मुलं ऐकणं सोडतात, हे वेगळंच.

रूळ आपण हलवू शकत नाही. वर्ग हलवू शकतो. कित्येक इमारतींमध्ये पहिली-दुसरी तळमजल्यावर, रस्त्याच्या अंगाला असते, कारण लहान मुलांना जिने नकोत. आणि मागच्या बाजूच्या शांत खोलीत काय असतं? संगणक कक्ष. नाहीतर भांडारगृह, मोडकी बाकं आणि मागच्या स्नेहसंमेलनाचा थर्माकोलचा रायगड. एका मजल्याचा जिना पहिलीचं मूल आरामात चढतं. घरी ते चार मजले चढून येतंय. चित्रकला, हस्तकला, गाणी हे तास रस्त्याकडच्या खोलीत घ्या आणि वाचन-गणित मागे. बाकांच्या लोखंडी पायांना रबरी टोप्या बसवा, त्यांना फारसा खर्च नाही, आणि बाक सरकलं की कानात जे सुई घुसवल्यासारखं होतं ते तरी थांबेल.

भिंतींबद्दल लिहिलं तर माझ्याच मैत्रिणी नाराज होतील. बोलक्या भिंतींवर आम्ही सुट्टीचे दिवस घालवलेले असतात. मुळाक्षरं, फळं, वाहतुकीची चिन्हं, सूर्यमाला, छत्रपतींचं चित्र, वरून पताका, खिडकीत झिरमिळ्या. तपासणीला हेच बघतात आणि शेराही यावरच मिळतो. पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात बालवर्गाच्या मुलांना काही धडे गच्च सजवलेल्या खोलीत आणि काही साध्या खोलीत शिकवून पाहिले. सजवलेल्या खोलीत मुलांचा ३८.६ टक्के वेळ भलतीकडे गेला, साध्या खोलीत २८.४ टक्के. धड्यावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं साध्या खोलीत ५५ टक्के आली, सजवलेल्या खोलीत ४२ टक्के. मुलं जेमतेम दोन डझन होती, त्यामुळे यावरून सगळ्या भिंती चुन्यानं रंगवा असं मी म्हणणार नाही. पांढरीफटक शाळा मलाही आवडणार नाही. फळ्याची भिंत तेवढी मोकळी ठेवू या. चित्रं मागच्या आणि बाजूच्या भिंतीवर, आणि जे शिकवून झालं ते उतरवायचं. दिवाळीपर्यंत ऑगस्टमधला तिरंगा लटकत असतो, तो कुणी बघतही नाही आणि काढतही नाही.

वेळेचं आणि पोटाचं थोडक्यात. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाला. एकाच इमारतीत सकाळ-दुपारची दोन अधिवेशनं चालणाऱ्या मुंबईत घोडं कुठे पेंड खातं ते आपल्याला सांगायला नको. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठणारं मूल साडेआठला झोपलेलं हवं, आणि दहा बाय बाराच्या खोलीत साडेआठला टीव्ही बंद होत नाही. ज्यांना सकाळ अधिवेशन बदलता येत नाही त्यांनी निदान पहिल्याच तासाला गणित लावू नये. पहिल्या तासाला गोष्ट, गाणी, गप्पा, थोडं हातपाय हलवणं. आणि उपाशी मूल ओळखा. ते त्रास देत नाही, नुसतं बाहेर बघत बसतं. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी मिळायच्या असतात, पण खिचडी येते मधल्या सुट्टीत. सकाळी चहात बुडवलेल्या एका बटरवर आलेली मुलं तोवर कशी तग धरतात, ते पहिल्या तासाला वर्गाच्या मागे बसून बघावं.

पी.टी.चा तास भाग पूर्ण करायला देऊ नका, अशीही विनंती आहे. मैदान नसलं तर कॉरिडॉर चालेल, गच्ची चालेल. ज्या मुलाला शिक्षा म्हणून खेळायला सोडत नाहीत, त्यालाच धावायची सगळ्यात जास्त गरज असते. ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या. त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या हातात शंख, शिंपले, बिया, पानं देऊन शिकवलं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. हाताला काम असलं की लहान मूल किती वेळ एका जागी रमतं, ते त्यांनी विसाव्या शतकात दाखवून ठेवलंय. आपण अजून "हाताची घडी, तोंडावर बोट" सांगतो. शांतता होते. लक्ष असतंच असं नाही. तोंडावर बोट ठेवून खिडकीबाहेरचा कावळा मस्त बघता येतो.

काही मुलं मात्र हे सगळं केलं तरी जागेवर टिकत नाहीत, आणि तिथे घाई करू नये. आधी डोळे आणि कान. फळा न दिसणारं मूल शेजारच्याच्या वहीत बघतं आणि "बोलतो, उठतो" असा शेरा घेऊन घरी जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत तपासणी होते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी कुणीतरी ठेवायला हवी, कारण नेमकी तीच राहून जातात. त्यानंतरही अडचण दिसली तर अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली खास अडचण) किंवा अतिचंचलता असू शकते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, आणि सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तिची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं. पालकांना हे सांगताना सगळ्यांसमोर फाटकावर सांगू नका, दार लावून बसवून सांगा. मुलाला वर्गाबाहेर उभं करणं तर पूर्ण थांबवा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याचं लक्ष लागत नाही त्याला शिकवण्याच्या खोलीतूनच बाहेर काढून काय साधतं, ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आपल्यातल्या काहींच्या मनात येईल की हिला काय जातंय सांगायला, फोटो उशिरा गेला की फोन आम्हाला येतो. बरोबर आहे. तो फोन आपण घ्यावा आणि "तास चालू आहे, साडेबाराला पाठवते" एवढं उत्तर द्यावं, इतकंच मागते आहे. एका शाळेनं असं म्हटलं तर ती शाळा आडमुठी ठरेल. वॉर्डातल्या सगळ्या मुख्याध्यापकांनी सभेत ठरवून म्हटलं तर फोटो साडेबारालाच मागवायची पद्धत पडेल. पुढच्या मुख्याध्यापक सभेत हा विषय 'आयत्या वेळचे विषय' मध्ये ढकलू नये, त्याला पत्रिकेत स्वतंत्र क्रमांक द्यावा.

आणि हे वेळेत व्हावं. जूनमधलं वेळापत्रक आपण एप्रिलअखेर मांडायला घेता, खोल्यांची वाटणीही तेव्हाच होते. एकदा ते भिंतीवर लागलं की वर्षभर हलत नाही.

आपली,
पहिली-दुसरीला शिकवणारी एक शिक्षिका
मुंबई